वसतिगृहाच्या भिंतीला लागून

निरोप समारंभात एक वाक्य ठरलेलं असतं. शेवटच्या वर्षाची मुलगी माइक हातात घेते, घसा खाकरते आणि म्हणते, "घरापासून एवढ्या लांब मॅडमनी आम्हाला आईची माया दिली." टाळ्या. पहिल्या रांगेत बसून मी हसते, कारण तिथे दुसरं काही करता येत नाही. पण हे वाक्य मला कधीच पचलं नाही. आई मी एका मुलाची आहे आणि तेवढ्यानेच माझी दमछाक होते. वसतिगृहातल्या मुलींची मी रेक्टर होते, वर्गात गणिताची मास्तरीण होते आणि उरलेल्या सगळ्या वेळात त्यांची शेजारीण होते. यातलं शेवटचं नातं सगळ्यात खरं, असं मला वाटतं.

आमचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सड्यावर. खाली समुद्र, वर जांभ्याचं रान. गाव असं म्हणावं तर एक बाजारपेठ आणि एक एसटी स्टँड, तोही चालत जाण्याच्या अंतरावर नाही. अशा ठिकाणी मास्तर आणि मुलं एकाच आवारात राहतात, त्यामागे कुठलं शैक्षणिक तत्त्वज्ञान नसतं. दुसरीकडे राहायला घरच नसतं. रेक्टरचं क्वार्टर तर मुलींच्या इमारतीला चिकटूनच बांधलेलं. माझ्या न्हाणीघराची वरची झडप आणि मुलींच्या न्हाणीघराची झडप समोरासमोर. त्या झडपेतून मला माझीच नक्कल ऐकू यायची. "आता हे तर उघडच आहे, नाही का?" हे माझं वर्गातलं पालुपद बादली भरता भरता अगदी माझ्या हेलात म्हणणारी एक मुलगी होती. ती कोण ते मला आवाजावरून कळलं होतं. तिला कधी सांगितलं नाही. तिची नक्कल चांगली होती.

आणि आवाज काही एकाच बाजूने जात नाही. माझं आणि नवऱ्याचं कशावरून वाजलं, मुलाला कुठल्या विषयात कमी मार्क पडले, हे सगळं पलीकडे पोचत असणार. मी बांगडे तळायला घेतले की लातूरची एक माळकरी घरातली मुलगी दाराखालून चिठ्ठी सरकवायची: "मॅडम, प्लीज मागची खिडकी लावा." मी लावायची. खिडकी लावून बांगडे तळणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

प्रवेश सगळ्या राज्यातून होतात, त्यामुळे आमच्याकडे यवतमाळ, बीड, नांदेडच्या मुली पुष्कळ. आमच्या भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बीडला याचा जेमतेम पाचवा हिस्सा. पहिल्या पावसात या मुली व्हरांड्यात येऊन फोनवर आईला नुसता आवाज ऐकवतात. आठवड्याने तोंडं उतरतात. कपडे वाळत नाहीत, चपलांवर बुरशी चढते, वह्यांची पानं लोळागोळा होतात, आणि लाईट गेली की दुसऱ्या दिवशीसुद्धा येईल याची खात्री नसते. त्यात जेवण. "मॅडम, इथं रोज भातच राहते का?" यवतमाळच्या एकीने पहिल्याच आठवड्यात विचारलं. मेसच्या मावशींना सांगून पाहिलं. त्या तांदळाची भाकरी अशी करतात की फुगून गोल व्हावी, पण ज्वारीपुढे त्यांनी हात टेकले. "ती माझ्याच्यान थापवत नाय गो बाय, चिरते." शेवटी दिवाळीनंतर मुली घरून पिठाचे डबे घेऊन आल्या आणि रविवारी सकाळी मेसच्या चुलीवर त्यांनी स्वतः भाकऱ्या थापल्या. मावशी बाजूला बसून बघत होत्या. एरवी त्यांच्या चुलीजवळ कोणाची जायची टाप नव्हती.

रविवारचं भागलं. बाकी सहा दिवस खोल्यांमधून चोरून काय शिजायचं, हा वेगळा विषय. खोलीत शेगडी, हीटर, पाणी तापवायची कांडी यांना बंदी. वायरिंग जुनं, भिंती ओल्या, त्यामुळे नियम योग्यच. मी झडत्या घेतल्या, वस्तू जप्तही केल्या. पण गणित शिकवणाऱ्या बाईला या बाबतीत एक अडचण आहे. रामानुजन १९१४मध्ये केंब्रिजला गेले, आणि ट्रिनिटी कॉलेजच्या खोलीत आपला शाकाहारी स्वयंपाक स्वतः करत. पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले महालनोबिस एकदा त्यांच्याकडे गेले तेव्हा महालनोबिसांनी एका मासिकातलं कोडं वाचून दाखवलं, आणि रामानुजननी पातेल्यात डाव फिरवता फिरवता त्याचं उत्तर परंपरित अपूर्णांकात, म्हणजे अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक अशा साखळीत, सांगितलं. नुसतं त्या कोड्याचं नव्हे, तसल्या साऱ्या कोड्यांचं. हा किस्सा मी दर वर्षी वर्गात सांगते. आमच्या वसतिगृहाची नियमावली तिथे लागू असती तर ते पातेलं जप्त झालं असतं.

मास्तराने मुलांबरोबर राहावं ही कल्पना आमच्या या मुलखात नवी नाही. आमच्यापासून जवळच्या मुर्डी गावचा रघुनाथ परांजपे नावाचा हुशार मुलगा. नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांनी, म्हणजे मुरुडच्या अण्णांनी, त्याच्या शिक्षणाचा भार उचलला आणि मुंबईत त्याला आपल्या बिऱ्हाडी ठेवलं. हा मुलगा १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला आला; तो मान मिळवणारा पहिला भारतीय. पालगडचे साने गुरुजी १९२४मध्ये अमळनेरला शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं. मुलांची अंथरुणं ते स्वतः घडी करून ठेवत, त्यांचे कपडे धूत, आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून रोज एक वर्तमानपत्र काढत.

गुरुजींच्या या गोष्टी वाचून लहानपणी मी रडले आहे. रेक्टर झाल्यावर त्याच गोष्टींची मला थोडी धास्ती वाटायला लागली. कारण आमचे संस्थाचालक भाषणात गुरुजींचं नाव घेतात आणि लगेच पुढच्या वाक्यात मेसच्या पाळीव मांजरापासून ते टाकीच्या गळतीपर्यंत सगळं रेक्टरच्या अंगावर टाकतात. गुरुजी तेव्हा पंचविशीत होते, संसार नव्हता. बाकीच्या थोर माणसांना संसार होता, मग तो कोणी ओढला? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. त्यांचं नाव निदान आपल्यापर्यंत पोचलं. मास्तरांच्या बिऱ्हाडी राहून शिकलेल्या शेकडो मुलांच्या आठवणींत मास्तर असतात, त्यांचा दरारा असतो, आणि भाकरी मात्र आपोआप ताटात येते.

ऑक्सफर्ड-केंब्रिजने यावर वेगळीच तोड काढली होती. तिथले बहुतेक फेलो, म्हणजे कॉलेजचे मास्तर, कॉलेजातच मुलांच्या शेजारी राहत, त्याच हॉलमध्ये जेवत. पण लग्न केलं की फेलोशिप सोडायची. ही अट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत, १८७७चा कायदा आणि त्यानंतरचे १८८२चे नियम आल्यावर सैल झाली. म्हणजे मास्तरने एक तर संसार करू नये, नाही तर त्याच्या बायकोने अख्खं वसतिगृह जेवू घालावं. मधली वाट कोणाला दिसली नाही. माझ्या बाबतीत तर रेक्टरही मीच आणि रेक्टरची बायकोही मीच, असा प्रकार होता. माझा नवरा वर्कशॉपला शिकवतो; तो मासे उत्तम साफ करतो, यापुढे त्याच्याबद्दल इथे लिहीत नाही.

म्हणून मी शेजाऱ्याचा हिशोब धरला. शेजाऱ्याला रात्री दोन वाजता उठवता येतं, पण कारण तसं हवं. दुखणं, विंचू-फुरसं, घरून आलेला वाईट फोन, खोलीतली भीती वाटावी अशी कुठलीही गोष्ट, यांना वेळ नाही. गणिताच्या शंका संध्याकाळी व्हरांड्यात, नऊपर्यंत. परीक्षेच्या आदल्या रात्री साडेअकराला लॅप्लास ट्रान्सफॉर्म घेऊन दारात उभ्या राहिलेल्या टोळीला मी परत पाठवलं आहे, आणि त्याच रात्री पोटात कळ आलेल्या मुलीला घेऊन १०८च्या गाडीतून गेले आहे. मुलींना हा फरक फार लवकर कळला. मोठ्यांना, विशेषतः पालकांना, कळायला वेळ लागला. काही आया मला फोन करून विचारत, ती जेवली का, कोणाशी बोलते, केस का कापले. यातलं पुष्कळ मला माहीत असायचं. शेजारी राहिलं की दिसतंच. पण दिसलेलं सगळं सांगायचं नसतं, हेही शेजारधर्मातच येतं.

खरी पंचाईत वर्गात होते. जिचं गच्चीवरचं रडणं मी रात्री ऐकलं, तिचीच चाचणीची वही सकाळी माझ्या टेबलावर. अर्धा मार्क द्यावा की नाही? दिला तर दयेचा, नाही दिला तर दगडाचा. मग मी सहकाऱ्याशी वह्यांची अदलाबदल सुरू केली: वसतिगृहातल्या मुलींच्या त्याने तपासायच्या, त्याच्या तुकडीतल्या तेवढ्याच मी. विभागात एकदोघांनी नाकं मुरडली. माझी झोप सुधारली.

रॅगिंगबाबत मात्र शेजारी राहण्याला दुसरा उपाय नाही. महाराष्ट्राने १९९९मध्ये कायदा केला, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम २००९मध्ये आले. त्या नियमांत नव्या मुलांचे लहान गट करून एकेक गट एकेका शिक्षकाकडे सोपवा, शिक्षकाने त्यांच्याशी रोज बोलावं, गरज पडली तर वसतिगृहात अचानक फेरी मारावी, असं लिहिलं आहे. कागदावर आमच्याकडेही सगळं होतं. पण रात्री कुठल्या खोलीतलं हसणं मजेचं आणि कुठलं दुसऱ्याच्या जिवावरचं, हे फेरी मारून कळत नाही. रोज ऐकणाऱ्या कानाला ते कळतं.

आता फाटक. या विषयावर माझं डोकं अजून तापतं. मुलींचं फाटक सातला बंद, मुलांचं दहाला. किल्ली रेक्टरकडे, म्हणजे माझ्याकडे. हर्णै बंदरात संध्याकाळी बोटी येतात, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, लांबून लोक बघायला येतात. आमची मुलं पहिल्या सहामाहीतच जाऊन आलेली असायची. मुली चार वर्षं त्याच समुद्राच्या डोक्यावर राहून लिलाव न बघता डिग्री घेऊन जायच्या, कारण लिलाव रंगात आला की इकडे फाटक लागायची वेळ. "सुरक्षितता" असं उत्तर मिळे. यूजीसीच्या २०१३च्या 'सक्षम' अहवालात स्पष्ट म्हटलेलं आहे की सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत. त्या पानाची प्रत मी बैठकीत वाटली. एका सदस्याने ती उलटी करून मागे चहाचा कप ठेवला. तरी फाटक साडेआठवर आलं, आणि हर्णैला जायला महिन्यातून एकदा कॉलेजची बस. साडेआठ आणि दहा यांत अजून दीड तास आहे. तो मी सोडलेला नाही.

मार्च २०२०मध्ये वसतिगृह रिकामं झालं. सुरुवातीला सुट्टी ३१ मार्चपर्यंतच होती, म्हणून मुली पाठीवर एकेक सॅक टाकून गेल्या. गाद्या, ट्रंका, वह्या, सर्टिफिकेटांच्या फायली, वाळत घातलेले मोजेसुद्धा मागे राहिले. मग लॉकडाऊन लागला. झडपेतून येणारा आवाज थांबला. मला वाटलं होतं, चार दिवस निवांत झोप लागेल. शांततेने उलट जाग यायची.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यालाही त्याने पार झोडपलं. दुपारी वाऱ्याचा आवाज असा होता की शेजारच्या खोलीतला माणूस ओरडला तरी ऐकू येऊ नये. नारळ, पोफळी, चाळीस-पन्नास वर्षांची आंब्याची झाडं एका दुपारीत आडवी झाली. आमच्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्याचे पत्रे उडाले, खिडक्या फुटल्या. वारा पडल्यावर आम्ही वर गेलो तेव्हा बंद दारांखालून पाणी बाहेर येत होतं.

आवारात आम्ही मोजकी बिऱ्हाडं होतो. लाईट नाही, ती पुढे कित्येक आठवडे आली नाही. फोनचे टॉवर बंद, त्यामुळे मुलींना विचारायची सोय नाही. आणि दीडशे मुलींचं सामान भिजत पडलेलं, पावसाळा तोंडावर. कुलपं तोडायची का? मुलांचे रेक्टर म्हणाले, पंचनामा होईपर्यंत हात लावू नका, उद्या कोणाची चेन गेली तर तुमच्यावर येईल. त्यांचं चूक नव्हतं. मी एक वही केली: खोली क्रमांक, कुलूप कोणी तोडलं, आत काय मिळालं, कुठे ठेवलं, आणि खाली तिघींच्या सह्या. खोलीत फक्त बायका जाणार. वह्या-डायऱ्या उघड्या असल्या तरी पालथ्या घालून वाळवायच्या. मेसच्या मावशी म्हणाल्या, "मला वाचताच येत नाय, मीच उचलतंय त्या." आणि खरोखर डायऱ्यांचं खातं त्यांनी सांभाळलं.

मेसच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या. गाद्या उभ्या करून टेकवल्या. दहावी-बारावीच्या मार्कशीट्स, जातीचे दाखले, डोमिसाइल असे कागद सगळ्यात आधी. ते हलकेच सोडवून कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या पानांमध्ये दाबून ठेवले. प्राचार्यांनी त्यासाठी दोन गठ्ठे काढून दिले आणि नोंदवहीत "ओलावा शोषणार्थ" असा शेरा मारला. उत्तरपत्रिकांचा यापेक्षा चांगला उपयोग माझ्या पाहण्यात नाही. वॉचमन काकांनी कुठूनशी कोळशाची इस्त्री पैदा केली. तिने आम्ही कागदांवर कापड टाकून ओल काढली. शाई पसरलेली काही पानं गेलीच. लॅप्लास ट्रान्सफॉर्मच्या वह्या मात्र कोरड्या ठणठणीत निघाल्या, कारण त्या ट्रंकेच्या तळाशी, न उघडलेल्या.

वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत ज्वारीच्या पिठाचा मोठा डबा होता. पिठाला जाळी धरली होती म्हणून मावशींनी तो उकिरड्यावर उपडा केला आणि आतून पाणी तापवायची कांडी पडली. हीच कांडी मी वर्षभर शोधत होते! तिच्यापायी मजल्याचा फ्यूज कितीदा गेला होता. आम्ही दोघी पोट धरून हसलो, वादळानंतर पहिल्यांदाच. वहीत काय लिहायचं? मी लिहिलं, "डबा १, रिकामा." कांडी पुसली, कोरडी केली आणि डब्यात परत ठेवली.

आठवड्याभराने खेडच्या बाजूला चढावर एका जागी रेंज मिळते असं कळलं. तिथे उभं राहून मी यादीप्रमाणे फोन लावत गेले. यवतमाळच्या मुलीचे वडील फोनवर आले. मी सामानाचा हिशोब सुरू केला तर त्यांनी मला तोडलं. "सामानाचं राहू द्या मॅडम. तुमच्या घरावर छत आहे ना?" होतं; स्वयंपाकघराच्या बाजूची कौलं सोडून. तेव्हा सगळ्यांना मी आधी सामान सांगत होते आणि ते सगळे आधी आमचं विचारत होते.

रेक्टरपद मी नंतर सोडलं. आता आवारातच मागच्या रांगेत राहते. नव्या शिक्षकांना क्वार्टर नको असतं, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. क्वार्टर घेतलं की घरभाडे भत्ता जातो. शिवाय ज्यांचा जोडीदार चिपळूणला किंवा खेडला नोकरी करतो त्यांनी इथल्या फुरशांशी संसार का मांडावा? संस्थेने मध्यंतरी सुचवलं की रेक्टरच नको, कॅमेरे लावू. मी बैठकीत तीन मागण्या ठेवल्या: रेक्टरला वेगळा भत्ता, तासिका कमी, आणि आठवड्यातून एक रात्र सुट्टी, लेखी. सुट्टीवर हशा पिकला. "रेक्टरला कसली सुट्टी, मॅडम? आई कधी सुट्टीवर जाते का?" म्हटलं, म्हणूनच आई नको, रेक्टर नेमा. भत्त्याचं प्रकरण अजून फायलीत आहे. तासिकांचं "बघू" झालं. सुट्टी मंजूर झाली: रविवारी रात्री आवारातल्या बाकीच्यांनी पाळीपाळीने फोन घ्यायचा.

नवी रेक्टर तरुण आहे, भौतिकशास्त्र शिकवते. पहिल्या रविवारी ती चिपळूणला माहेरी गेली आणि पाळी माझ्या वाट्याला आली. रात्री साडेदहाला पंप जळला. वॉचमन काकांना टाकीवर पाठवलं, इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, सकाळी. तेवढ्यात दारात दोन मुली, हातात काही नाही. "मॅडम, बादलीभर पाणी मिळेल?" माझ्याकडे पिंपभर होतं. बादलीही माझीच दिली, हिरवी, कडी तुटलेली, आणि सांगितलं की उद्या आठवणीने परत आणा.

पंप मंगळवारी दुरुस्त झाला. बादली अजून आलेली नाही.